मधला माणूस: ‘ऑथेल्लो’तल्या इयागोचं प्रकरण

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, सायप्रसच्या एका अंधाऱ्या रस्त्यावर, सेनापती ऑथेल्लोचा निशाणबरदार इयागो स्वतःशी हिशेब मांडतो. पैसेवाला रॉडरिगो आणि ऑथेल्लोचा माजी लेफ्टनंट कॅसिओ यांची आता चकमक होणार आहे आणि ती त्यानेच जुळवून आणली आहे. रॉडरिगो वाचला, तर ऑथेल्लोच्या बायकोला, डेस्डेमोनाला, पोचवायला म्हणून आपल्या हाती दिलेलं सोनं आणि जडजवाहीर परत मागेल. कॅसिओ वाचला, तर दोन अडचणी आहेत. या माणसाच्या रोजच्या जगण्यातच असं काही देखणं आहे की त्याच्या शेजारी मी कुरूप दिसतो, ही पहिली. दुसरी अशी की ऑथेल्लो कदाचित त्याच्याशी बोलेल आणि माझं बिंग फुटेल. तेव्हा दोघेही मेलेले बरे.

यातल्या देखणेपणाच्या ओळीवर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. दुसरी अडचण मात्र वाचताना सहज निसटून जाते. मला ती या प्रकरणाची गुरुकिल्ली वाटते. सगळ्यांना बोटावर नाचवणारा हा माणूस नाटकाच्या या टप्प्यावर एकाच गोष्टीला घाबरलेला आहे: दोन माणसं मध्ये कुणाला न घेता एकमेकांशी बोलतील याला.

इयागोने कुणाचा कोणता दोष हेरला याची यादी शाळा-कॉलेजच्या गाइडांत असतेच. ऑथेल्लो संशयी, कॅसिओला दारू सोसत नाही, रॉडरिगो मूर्ख, डेस्डेमोना भोळी, इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची दासी एमिलिया नवऱ्याच्या मुठीत. यादी खोटी नाही, पण तेवढ्याने खून होत नाही. दारू न सोसणारे आणि संशयी नवरे जगात पैशाला पासरी आहेत. इयागोचं लक्ष दुसरीकडे आहे. प्रत्येकाच्या पोटात असा एक प्रश्न असतो, जो योग्य माणसाला विचारायची त्याला लाज वाटते. इयागो नेमका त्या लाजेपाशी जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, तू कशाला जातोस, मी आहे ना.

पार्श्वभूमी

नाटक साधारण 1603-04 मध्ये लिहिलं गेलं. 1 नोव्हेंबर 1604 रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. कथा शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. ती जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या 1565 मध्ये छापलेल्या कथासंग्रहातली. तिथला निशाणबरदार सेनापतीच्या बायकोवरच भाळलेला असतो आणि ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो. हेतू सरळ आहे. रुमालही तो स्वतःच लांबवतो, तोसुद्धा ती त्याच्या लहान मुलीला कुशीत घेऊन बसलेली असताना.

शेक्सपिअरने यात केलेले दोन बदल इथे महत्त्वाचे. निशाणबरदाराचा प्रेमभंग जवळजवळ काढून टाकला आणि रुमाल उचलण्याचं काम त्याच्या बायकोकडे दिलं. दुसरा बदल वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे नाटकात आणखी एक माणूस तयार झालं, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे.

परिस्थिती थोडक्यात अशी. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या चाकरीतला मूर सेनापती: नावाजलेला, पण परका, काळा आणि वयाने उतरणीला लागलेला. सिनेटर ब्रॅबँशिओची मुलगी डेस्डेमोना घरातून निघून त्याच्याशी गुपचूप लग्न करते. अठ्ठावीस वर्षांचा इयागो त्याचा निशाणबरदार. लेफ्टनंटची जागा आपल्याला मिळणार अशी त्याची खात्री होती. ती गेली फ्लॉरेन्सच्या कॅसिओला, जो इयागोच्या मते लढाई पुस्तकात शिकलेला हिशेबनीस आहे. तुर्कांचं आरमार सायप्रसवर चालून येतंय म्हणून सगळे तिकडे निघतात, तर वादळ आरमाराचीच वाट लावतं. म्हणजे किल्ल्यात सैन्य आहे, सेनापती आहे, नवी नवरी आहे, आणि शत्रू नाही. किल्ल्यातल्या या रिकाम्या मंडळींना उद्ध्वस्त व्हायला, बंदरावर उतरल्यापासून मोजलं, तर जेमतेम दीड दिवस पुरतो.

रॉडरिगो आणि कॅसिओ

रॉडरिगोवर फार वेळ घालवायला नको, इयागोही घालवत नाही. डेस्डेमोनाच्या बापाने हाकलून दिलेला हा पैसेवाला तरुण आता तिच्या लग्नानंतरही आशा धरून आहे. पैशांची सोय कर, जमिनी विक, बाकी माझ्यावर सोड, हा इयागोचा त्याला एकच सल्ला. जडजवाहीर तिला पोचलं का, हे रॉडरिगो तिला विचारू शकत नाही. परक्याच्या बायकोला विचारणार कसा? चौथ्या अंकात मात्र त्याचा धीर सुटतो. मी स्वतः तिला भेटतो, तिने दागिने परत केले तर नाद सोडतो, नाही तर हिशेब तू द्यायचास, असं तो इयागोला सुनावतो. नाटकभर मूर्ख ठरलेल्या माणसाने केलेला हा पहिला शहाणपणाचा बेत. इयागो त्याच दृश्यात त्याची पाठ थोपटतो, आज कळलं तुझ्यात दम आहे म्हणतो, आणि कॅसिओला मारायच्या कामावर त्याची नेमणूक करतो. त्याच रात्री इयागो अंधारात स्वतःच्या हाताने त्याला भोसकतो.

कॅसिओचं प्रकरण जास्त बारकाईने बघण्याजोगं आहे. दारू आपल्याला चढते हे तो स्वतःच इयागोला सांगतो: आज एकच पेला घेतला, तोही पाणी घालून, तर बघ माझी काय दशा झाली आहे. म्हणजे वर्म शोधायची तसदीसुद्धा इयागोला पडत नाही. तो गाणी म्हणतो, पेले भरतो, रॉडरिगोला कुरापत काढायला पाठवतो. मारामारीत सायप्रसचा माँटानो जखमी होतो आणि ऑथेल्लो कॅसिओला तिथल्या तिथे पदावरून काढतो.

शुद्धीवर आलेला कॅसिओ अब्रू गेली म्हणून धाय मोकलतो. इयागो समजूत घालतो की अब्रू ही फुकाची गोष्ट आहे, लायकी नसताना मिळते आणि गुन्हा नसताना जाते. पुढच्याच अंकात हा गृहस्थ ऑथेल्लोला गंभीर चेहऱ्याने सांगतो की पैसा चोरणारा कचरा चोरतो, पण चांगलं नाव चोरणारा माणसाला खरोखर कंगाल करतो. दोन्ही वाक्यं त्या त्या माणसाला त्या त्या क्षणी लागू पडणारी. त्याचं स्वतःचं मत काय, हे विचारण्यात अर्थ नाही.

कॅसिओला मिळालेला सल्ला असा: सेनापतीकडे जाऊ नकोस, त्याच्या बायकोकडे जा. सल्ला इतका वाजवी आहे की एकटा असताना इयागोच प्रेक्षकांना विचारतो, यात मी खलनायक कुठे? पण तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एमिलिया कॅसिओला एक बातमी देते, ती विसरता कामा नये. ऑथेल्लो डेस्डेमोनाला म्हणाला आहे की माझा कॅसिओवर जीव आहे. योग्य संधी येताच मी त्याला परत घेईन, त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या रदबदलीची गरज नाही. हे ऐकल्यावर कॅसिओने घरी जाऊन झोपावं! त्याचं काम झालेलं आहे. तरी तो म्हणतो, दोन शब्द डेस्डेमोनाशी एकांतात बोलायची सोय करून दे.

मग तो तिला भेटतो, ती शब्द देते, तेवढ्यात लांबून ऑथेल्लो येताना दिसतो. थांब, तुझ्यासमोरच बोलते, असं डेस्डेमोना म्हणते. कॅसिओ कचरतो. आत्ता नको, मला अवघडल्यासारखं होतंय, म्हणून काढता पाय घेतो. नाटकातला हा सगळ्यात महाग पडलेला संकोच आहे. तो दहा पावलं थांबला असता, तर इयागोला त्या दुपारी बोलायला विषयच उरला नसता.

बाग, तिसरा अंक

कॅसिओची पाठ दिसताच इयागो पुटपुटतो, “हं, हे काही मला बरं वाटलं नाही.”

“काय म्हणालास?”

“काही नाही, सरकार. म्हणजे... काय म्हणालो कोण जाणे.”

“आत्ता माझ्या बायकोपासून गेला तो कॅसिओ ना?”

“कॅसिओ? छे, सरकार. तुम्हांला बघून तो असा चोरासारखा सटकेल, हे मला नाही खरं वाटत.”

लाजेने निघून गेलेला माणूस एका वाक्यात चोर झाला. इयागो खोटं काय बोलला? काहीच नाही. पुढची पंधरा-वीस वाक्यंही अशीच आहेत. तुम्ही लग्नाआधी बाईसाहेबांकडे जात होतात तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? होतं, तो तर आमच्यात निरोप्या होता. “असं?” म्हणतो इयागो. “असं म्हणजे काय? तो प्रामाणिक नाही का?” “प्रामाणिक, सरकार?” “तुला काय वाटतं?” “वाटतं, सरकार?”

ऑथेल्लो वैतागतो. माझेच शब्द परत फेकतोस, पोटात काहीतरी भयंकर दडवल्यासारखा. आणि इथून पुढे तो इयागोच्या मागे लागतो, सांग म्हणून. कान भरणारा माणूस आपण होऊन कानाशी लागतो अशी आपली समजूत असते. इयागो उलट मागे सरकतो. माझा स्वभावच वाईट शोधायचा, माझ्या बोलण्याला भलतं वजन देऊ नका, मत्सरापासून सांभाळा. तो जितका मागे सरकतो तितका ऑथेल्लो पुढे येतो, आणि शेवटी जे ऐकतो ते आपण स्वतः खोदून काढलेलं सत्य आहे असं त्याला वाटतं. स्वतः खोदून काढलेल्या गोष्टीवर माणूस सहसा शंका घेत नाही.

आता ऑथेल्लोची लाज. तो मूळचा संशयी आहे असं मला वाटत नाही. सिनेटसमोर बायकोवरून आरोप झाला तेव्हा, तिलाच बोलवा आणि विचारा, एवढंच त्याने म्हटलं होतं, आणि तेवढ्याने प्रकरण मिटलं होतं. सरळ विचारणं हा त्याचा स्वभाव आहे. इयागो तो स्वभावच मोडतो. त्यासाठी तो डेस्डेमोनाच्या चारित्र्याआधी ऑथेल्लोच्या परकेपणावर बोट ठेवतो: आमच्या व्हेनिसच्या बायका मला माहीत आहेत, नवऱ्याला दिसू देत नाहीत ते देवाला बघू देतात. आमच्या. म्हणजे तुमच्या नव्हे. तुम्हांला इथल्या चालीरीती कळायच्या नाहीत. कळतात त्या मला. मग तो ब्रॅबँशिओचा जुना टोला उकरून काढतो. बापाला फसवलं तिने, तुमच्याशी लग्न करताना.

तरीही ऑथेल्लो म्हणतो, डेस्डेमोना प्रामाणिकच आहे असं मला वाटतं. आणि लगेच अर्धवट वाक्य सुटतं: “तरी निसर्गच कधी वाट चुकला तर...”

“तेच तर,” म्हणून इयागो ते अर्धं वाक्य झेलतो आणि पुरं करतो. आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या तोलामोलाची स्थळं नाकारणारी मुलगी, त्यात काहीतरी विकृत वास येत नाही का? वर्णाचा काटा ऑथेल्लोच्या मनात आधीच रुतलेला होता, व्हेनिसनेच रुतवलेला. इयागोने फक्त तो हलवला. थोड्या वेळाने ऑथेल्लो एकटाच म्हणतो की मी काळा आहे, दरबारी गोड बोलणं मला येत नाही, वयही उतरलं आहे. हे ज्याने स्वतःशी कबूल केलं तो बायकोला विचारायला जाणार कोणत्या तोंडाने? विचारणं म्हणजे व्हेनिस म्हणत होतं ते खरं होतं असं मान्य करणं.

जाता जाता इयागो एक व्यावहारिक सूचना करतो: कॅसिओला एवढ्यात परत घेऊ नका, थोडा लांबच ठेवा, आणि बाईसाहेब त्याच्यासाठी किती हट्ट धरतात ते बघा. एका दगडात त्याने तीन कामं केली. कॅसिओ आणि ऑथेल्लो भेटत नाहीत. डेस्डेमोना, जी शब्दाची पक्की आहे, शिफारस करतच राहते. आणि तिचं प्रत्येक चांगलं वाक्य तिच्याविरुद्ध साक्ष ठरतं. तिच्या चांगुलपणाचंच जाळं विणीन, हे तो आधीच बोलून गेला होता.

रुमाल

रुमाल पडतो तो ऑथेल्लोच्या हातून, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. त्याचं डोकं दुखतंय म्हणून डेस्डेमोना कपाळाला रुमाल बांधू बघते. फार लहान आहे, म्हणून तो झिडकारतो. स्ट्रॉबेरीची नक्षी काढलेला, त्याने तिला दिलेला पहिला नजराणा जमिनीवर पडतो आणि दोघेही निघून जातात. एमिलिया तो उचलते. नवऱ्याने तो कितीदा तरी मागितला होता. कशाला हवाय, असं ती विचारते. तुला काय करायचंय, हे उत्तर. महत्त्वाचं काम नसेल तर परत दे, बिचारी वेडी होईल, असंही ती म्हणते. तुला काही माहीत नाही असं राहा, अशी तिला ताकीद मिळते. इयागो तो रुमाल कॅसिओच्या खोलीत टाकतो आणि कॅसिओच्या हाती आपण तो पाहिला, असं ऑथेल्लोला सांगतो.

पुढच्या दृश्यात डेस्डेमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल गं? एमिलिया उत्तर देते, मला नाही माहीत, बाईसाहेब. मग ऑथेल्लो येतो, रुमाल आण, रुमाल आण करत तिच्या अंगावर धावून जातो. तो जादूचा आहे, माझ्या आईला एका इजिप्शियन बाईने दिला होता, हरवला तर सर्वनाश. घाबरलेली डेस्डेमोना म्हणते, हरवला नाहीये. नाटकातली सगळ्यात सच्ची बाई इथे खोटं बोलते. आणि ज्या बाईला खरं माहीत आहे ती चार पावलांवर उभी राहून ऐकत असते.

एमिलिया गप्प का राहते याचं उत्तर शेक्सपिअर देत नाही. मला वाटतं, ती लाज आहे, चोरीची आणि नवऱ्यापुढे नमल्याची. आणि वेळ गेल्यावर तोंड उघडणं आणखी अवघड होत जातं, हे कुणालाही ठाऊक असतं.

पुढे नशीबही इयागोच्या बाजूने दान टाकतं. ऑथेल्लो आडोशाला उभा असतो, इयागो कॅसिओला त्याच्या प्रेयसीबद्दल, बियांकाबद्दल, छेडून हसवतो, आणि ऑथेल्लोला वाटतं हे हसणं डेस्डेमोनावर चाललंय. नेमकी तेव्हाच बियांका तो रुमाल घेऊन तिथे येते. ही सोय इयागोने केलेली नव्हती. त्याला सर्वज्ञ कारस्थानी समजणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा वाचावं. बहुतेक वेळा तो पुढचं पाऊल पडेपर्यंत त्याच्याविषयी अंधारात असतो.

आक्षेप

माझ्या म्हणण्यावर एक सरळ आक्षेप घेता येतो. चौथ्या अंकात ऑथेल्लो एमिलियाला विचारतोच की. काही पाहिलंस? कधी कुजबूज ऐकलीस? तुला बाहेर पाठवलं? ती प्रत्येकाला स्वच्छ नाही म्हणते आणि वर पैज लावते की डेस्डेमोना निर्मळ आहे. मग बोलल्याने काय झालं?

झालं हे की उत्तर यायच्या आधीच त्याची किंमत शून्य झालेली होती. ती बाहेर पडताच ऑथेल्लो म्हणतो, कुठलीही कुंटीण इतपत बोलेलच. इयागो माणसांना नुसता दूर ठेवत नाही. ती समोरासमोर आली तरी ऐकू येऊ नये अशी तजवीज करतो. त्याच दृश्यात पुढे डेस्डेमोना गुडघे टेकून मदत मागते ती इयागोकडे: नवऱ्याला परत कसं मिळवू? तिच्यासाठीही मधला माणूस तोच.

आणि पलंगावर, मरणाच्या दारात, ती कॅसिओबद्दल आणि त्या रुमालाबद्दल जे म्हणते ते दीड दिवसात कुणीच केलेलं नसतं. “त्याला तो सापडला असेल. मी दिलेला नाही. त्याला इथे बोलवा आणि विचारा.”

“तो कबूल झालाय,” ऑथेल्लो म्हणतो. त्याचं तोंड इयागोने बंद केलंय.

पण कॅसिओ मेलेला नसतो. ऑथेल्लोच्या हातून डेस्डेमोनाचा खून झाल्यावर त्या खोलीत माणसं जमतात आणि बघता बघता सगळं उलगडतं. एमिलिया “माझा नवरा?” असं पुन्हा पुन्हा विचारते, जणू ते शब्द कानात शिरतच नाहीत. मग ती बोलू लागते. इयागो घरी जा म्हणतो. आज्ञा पाळणं माझं काम, पण आत्ता नाही, असं उत्तर मिळतं. रुमाल मी उचलला, मी दिला. नवऱ्याची तलवार तिला गाठते तोवर सांगून झालेलं असतं. सगळ्यांची वर्मं जाणणाऱ्या इयागोने आपल्या बायकोचं बळ कधी मोजलंच नव्हतं. मग रॉडरिगोच्या खिशातली पत्रं निघतात, आणि ऑथेल्लो कॅसिओला विचारतो, माझ्या बायकोचा तो रुमाल तुझ्याकडे कसा आला? माझ्या खोलीत सापडला, कॅसिओ सांगतो. संपलं. हा प्रश्न आदल्या दिवशी विचारायला जितका वेळ लागला असता तितकाच आत्ता लागला.

मराठी वाचकाला इथे गोविंद बल्लाळ देवल आठवणं साहजिक आहे. याच नाटकावरून त्यांनी 1890 मध्ये ‘झुंझारराव’ बेतलं, आणि 1916 मध्ये रंगभूमीवर आलेलं ‘संशयकल्लोळ’ही त्यांचंच. तिथेही एक वस्तू, एक तसबीर, भलत्या हातात पडते आणि नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवतात. फरक एवढाच की तिथे मध्ये इयागो नाही. तिथला नवरा, फाल्गुनराव, आपल्या शंका पोटात ठेवत नाही, घरभर ओरडत फिरतो, आणि शेवटी सगळे समोरासमोर येतात. त्यामुळे आपण हसतो.

हेतू

इयागोने हे का केलं, या प्रश्नाने पिढ्यान् पिढ्या छळलं आहे. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने तर याला हेतूच नाही, हेतू शोधत फिरणारा हा निर्हेतुक दुष्टावा आहे, असं टिपून ठेवलं. हुकलेली बढती आहेच. पण पहिल्या अंकाच्या शेवटी तो आणखी एक गोष्ट बोलतो: ऑथेल्लोने माझ्या अंथरुणात माझी जागा घेतली अशी गावात बोलवा आहे, खरं-खोटं माहीत नाही, पण नुसत्या संशयावर मी ते खरं धरून चालणार. पुढे तर कॅसिओबद्दलही तो हेच म्हणतो. जे विष तो ऑथेल्लोला पाजतो ते त्याच्या पोटात आधीपासून आहे. त्याने ऑथेल्लोला विचारलेलं नाही. बायकोला काही विचारलं असेल तरी तिच्या उत्तरावर विश्वास ठेवलेला नाही.

चौथ्या अंकात डेस्डेमोनाची अवस्था बघून एमिलिया भडकते. कुणीतरी हरामखोर, जागा मिळवायच्या हव्यासाने, हे किटाळ रचतोय, मी पैजेवर सांगते. छे, असा माणूस असणं शक्य नाही, इयागो म्हणतो. एमिलिया थांबत नाही. असल्याच कुणा भामट्याने तुमचं डोकं फिरवलं होतं, ती नवऱ्याला म्हणते, आणि तुम्ही माझ्यावर त्या मूराच्या नावाने संशय घेतला होतात.

म्हणजे इयागोचेही कान कुणीतरी भरले होते. तो कोण, हे नाटक सांगत नाही. इयागोचं उत्तर एवढंच: मूर्ख आहेस, जा.